उजव्या सोंडेचा फोटो

आमचा थोरला भाऊ जयसिंग चालायचा तो वर बघत. खाली खड्डा असो, शेण असो, नाहीतर कुणाचा मारका बैल असो, ह्याची मान आपली वर. लढाईवरून परत आला तेव्हा आईला वाटलं, पोराच्या मानेत गोळी अडकलीय. गोळी कसली, डोंबलाची! इटली नावाच्या देशात तिकडच्या देवळांची छतं बघून बघून त्याच्या मानेला तसं वळण पडलं होतं. गावानं त्याचं नाव वरबघ्या ठेवलं आणि ते त्याला चिकटलं. मी तोंडावर दादा म्हणायचो, पण रागावलो की माझ्याही तोंडी तेच नाव यायचं. आणि मी बहुतेक वेळा रागावलेलाच असायचो.

आमचं गाव मुळशीतलं, पौडाहून डोंगराकडं वळलं की लागतं. ह्या बाजूचा माणूस वर बघतो तो ढग बघायला, नाहीतर झाडावरचं आग्यामोहोळ बघायला. बाकी सगळा जन्म खाली बघण्यात जातो, कारण भात खाली उगवतं. दादा मराठा पलटणीतून लढायला म्हणून गेला आणि तिकडं एका गोऱ्या साहेबाचा अर्दली होऊन बसला. त्या साहेबाला एकच खूळ होतं. लढाई जरा थंडावली की पडझड झालेल्या चर्चमध्ये शिरायचं आणि छताचे फोटो काढायचे. तिकडं म्हणे छताला आणि घुमटाला आतून चित्रं रंगवलेली असतात, ढग, राजे, साधू, आणि पंख फुटलेली नागडी पोरं.

"नागडी?" आई पदर तोंडाला लावून विचारायची. "देवळात?"

"आगं, ती देवाची पोरं हायेत."

"मग त्येंच्या देवाला एक लंगोट जुळंना व्हय?"

ह्यावर दादा चिडायचा आणि उठून जायचा.

छताचा फोटो काढायचा कसा, हे त्यानं मला इतक्यांदा ऐकवलं की झोपेतून उठवलं असतं तरी मी सांगितलं असतं. जिथला पाद्री बरा असेल तिथं साहेब सरळ फरशीवर उताणा पडायचा, कॅमेरा छातीवर. पाद्री खवट निघाला तर दादा मोठा आरसा घेऊन यायचा. तो खाली तिरका टेकवायचा, आणि आरशात जे छत दिसेल त्याचा फोटो साहेब उभ्यानं काढायचा. आता आरशात डाव्याचं उजवं होतं. म्हणून मग फोटो छापताना फिल्म उलटी घालायची, की चित्र सरळ. एवढीच विद्या. पण दादा ती अशी सांगायचा की जणू मंत्र देतोय.

एक गोष्ट मात्र सांगताना तो हळू बोलायचा. कुठल्याशा गावात एका चर्चचं छत बॉम्बनं तडकलं होतं. ऊन कललं म्हणून साहेब म्हणाला, उद्या सकाळी येऊ. त्या रात्री पाऊस झाला आणि सगळं छत खाली आलं. सकाळी जाऊन बघतात तर चिखल आणि चुना. साहेबानं त्या चिखलातून एक ढेकूळ उचललं, त्यावर एका पोराचं नुसतं पाऊल होतं. "साहेब रडला," दादा म्हणायचा, "आन् मी बी रडलो." मला तेव्हा फार संताप यायचा. अरे, तुझ्या डोळ्यांदेखत पलटणीतली पोरं मेली, आपल्याच खोऱ्यातली, त्यांच्यासाठी रडल्याचं कधी सांगितलं नाहीस. आणि चुन्यासाठी रडलास?

साहेब विलायतेला जाताना आपला जुना कॅमेरा दादाला देऊन गेला. ते भूत घेऊन आमचा दादा घरी आला. दुसरे लोक लढाईवरून येताना घोंगड्या आणतात, बूट आणतात. सगुणावहिनीनं तो कॅमेरा बघितला आणि विचारलं, "ह्यात काय शिजतंय?" शिजलं काहीच नाही. दादानं माडीवर तांदळाच्या कणगीमागं अंधारी खोली केली आणि फोटोग्राफर अशी पाटी लावली. शेत मी बघायचो, म्हशी वहिनी बघायची, आणि दादा छत बघायचा.

शेजारच्या भरे गावात एका लग्नात त्याला फोटोसाठी बोलावलं. ह्यानं काय करावं? मांडवाला वरून लावलेली रंगीत चादर आवडली म्हणून तिचे फोटो काढले. नवरानवरीचा एकच निघाला, त्यात नवरीची मुंडावळी आणि नवऱ्याचा तुरा, बाकी सगळी चादर. नवरीचा बाप काठी घेऊन आला होता. त्याला गूळपाणी देऊन मी परत लावला, तोवर आमचे फोटोग्राफर परसात लपले होते.

थापा मारण्यात तर त्याचा हात कुणी धरला नसता. इटलीच्या राजवाड्यात आपण जेवलो, चिखलात रुतलेला रणगाडा एकट्यानं ढकलला, एका मडमेनं आपल्याला घरजावई व्हायला सांगितलं. पारावर बसला की सुरूच. लोक ऐकायचे, हसायचे, विडी मागायचे. मी म्हणायचो, "दादा, निदान रणगाडा तरी सोड." पण नाही, त्याला सगळं पाहिजे होतं.

आता देवळाचं सांगतो. आमच्या गावात महादेवाचं दगडी देऊळ आहे. सभामंडपावर घुमट, आणि कुण्या इनामदाराच्या काळात कुण्या चिताऱ्यानं तो आतून रंगवलेला. पण दिव्याची काजळी बसून बसून तो असा काळवंडला होता की वर चित्र आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. लोक देवळात जातात ते पिंडीला पाणी घालायला आणि बाहेर काढलेल्या चपला जागेवर आहेत का बघायला. वर कोण बघतो? वर बघणारा गावात एकच. लढाईवरून आल्यापासून दादा रोज दुपारी मंडपात जाऊन खांबाला टेकून बसायचा आणि वर टक लावायचा. दारातून ऊन आत आलं की क्षणभर थोडंसं दिसतं, म्हणायचा. मध्ये कमळ हाय. एका अंगाला गणपती, दोन बाजूंना ऋद्धि-सिद्धी. मग गोल मिरवणूक, हत्ती, सरदार, वाजंत्री. "इटलीच्या तोडीचं हाय," म्हणायचा. मी वर बघितलं तर मला कोळिष्टकं दिसली.

लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. आमच्याकडं नवीन ग्रामपंचायत आली आणि तिच्यावर सरपंच म्हणून बहिरूनाना बसले. माणूस तसा वाईट नव्हता, फक्त मोठा व्हायची फार घाई. त्यांनी कुठूनतरी सिमेंटचं परमिट मिळवलं आणि जाहीर केलं की देवळाचा घुमट पाडून वर सपाट स्लॅब टाकायचा. पौडात कुणाच्या तरी बंगल्यावर त्यांनी स्लॅब बघितला होता. महादेवालाही बंगला पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात भरलं. स्लॅबवर खुर्च्या टाकून सभा घेता येईल, हेही ते बोलून गेले.

दादा पंचायतीत उभा राहिला. मला वाटलं, आता पुन्हा रणगाडा निघतोय. पण नाही. म्हणाला, "नाना, घुमट पाडू नका. वर चित्रं हायेत. तसलं पुन्यांदा कुणाला जमायचं न्हाई."

"कुटं हायेत?" नाना म्हणाले. "आमाला तर काय दिसत न्हाई."

"तुमी बघताच कुटं?"

सगळी बैठक हसली. नानांना ते लागलं. मग दादानं हात जोडले, खरंच जोडले, मी बघितले. म्हणाला, "बरं, पाडायच्या आधी मला फोटो तरी काढू द्या. फोटो बघा आन् मग ठरवा." फोटोला नाना नाही म्हणणार नव्हतेच. पाडकामाच्या आधी देवळापुढं आपलाही एक काढून घ्यावा, असं त्यांच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी दादा कॅमेरा घेऊन मंडपात गेला आणि साहेबासारखा उताणा पडला. नथू गुरवानं जी बोंब ठोकली ती शिवारात ऐकू गेली. "आरं मुडद्या, देवाकडं पाय करून पडलास! देवळात उताणं मढं ठेवत्यात काय?" दादा उठला. कॅमेराच तेवढा फरशीवर उताणा ठेव आणि तू उभा राहा, असं मी सुचवलं. तर म्हणाला, "मग बघू कुटनं? जिमिनीखालनं?" म्हणजे आता आरसा आला. पौडात हाफीजभाई शिंप्याच्या दुकानात माणसाएवढा आरसा होता. तो आम्ही पेंढ्यात गुंडाळून बैलगाडीनं आणला. वाटेत तो फुटू नये म्हणून दादा त्याला कवटाळून बसला होता. सगुणावहिनीनं ते बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मला कदी न्हाई आसं धरलं."

आरसा तांदळाच्या पोत्याला तिरका लावला. दाराशी मी गोठ्याचा नवा पत्रा घेऊन उभा, ऊन त्यावर झेलून वर टाकायला. हात भरून आले तरी "हलू नगंस, श्वास धर" चाललेलंच. श्वास फोटोग्राफरनं धरायचा की पत्रेवाल्यानं? पण एक सांगतो. ऊन वर गेलं आणि त्या काळ्या घुमटात खरंच माणसं उजळली. एक बाई होती, ताट घेतलेली, ती आमच्याकडं बघून हसत होती असं मला वाटलं. मी पत्रा हलवला आणि शिव्या खाल्ल्या.

संध्याकाळी दादा कणगीमागून बाहेर आला तो ओला फोटो हातात घेऊनच, आणि थेट पारावर पळाला. इतका आनंद झालेला माणूस मी त्यानंतर बघितला नाही. फोटो खरोखर सुरेख होता. गणपती, ऋद्धि-सिद्धी, हत्ती, सगळं स्वच्छ. लोकांची तोंडं उघडीच राहिली. आपल्या डोक्यावर एवढं सगळं आहे हे त्यांना त्या कागदावरून कळलं. तेवढ्यात नथू गुरव डोळे बारीक करून म्हणाला, "आरं, सोंड उजवीकडं हाय!"

झालं. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक, सोवळ्याचा, जागृत. त्याच्या वाटेला जायची कुणाची छाती नाही. नानांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. आपण उजव्या सोंडेच्या गणपतीवर पहार घालायला निघालो होतो! तिथल्या तिथं त्यांनी फोटोला हात जोडले, कान धरले, आणि घुमटाला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही असं ठरलं. परमिटाच्या सिमेंटाचा पंचायतीपुढं ओटा झाला.

मी दादाकडं बघितलं. तो पांढरा पडला होता. घरी येताना मी विचारलं, "फिल्म उलटी घातली हुतीस का?" त्यानं कपाळावर हात मारला. आनंदाच्या भरात विसरला होता, शहाणा! मला शंभरदा शिकवलेलं स्वतःच विसरला. वरची सोंड डावीच होती.

"मग सांग जाऊन," मी म्हटलं.

"सांगितलं की उद्याच पाडत्याल," दादा म्हणाला. "ऱ्हाऊ दे. घुमट ऱ्हातोय ना?"

राहिला, आणि बहिरूनानांचा मोठेपणाही राहिला! त्यांनी पाटी लावली, जागृत उजव्या सोंडेचा गणपती. सूस, भरे, पिरंगुट, कुठून कुठून लोक यायला लागले. यायचे, मान वर करायचे, काळोख बघायचे आणि धन्य व्हायचे. फोटो घरोघर देव्हाऱ्यात गेला. प्रती काढून काढून दादाचे हात फोटो धुवायच्या औषधी पाण्यानं काळे पडले, पण फिल्म सुलटी करायची सोय आता नव्हती. आणि हे सगळं कुणाचं काम, असं विचारलं तर लोक म्हणायचे देवाचं. आमचा थापाड्या दादा पारावर गप्प बसायला लागला. मला बरं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही.

गप्प बसून तरी निभावलं असतं. पण नानांना आता माघी गणेश जयंतीला जत्रा भरवायची होती, आणि जत्रेला आलेल्या माणसाला काळोख कसा दाखवायचा? घुमट उजळायचा ठरला. मंडपात बांबूची परांची उभी केली आणि पौडाहून भिकू पेंटरला बोलावलं. हा भिकू दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि बैलांची शिंगं. तो ओल्या फडक्यानं काजळी पुसत पुसत गणपतीपर्यंत गेला. खाली सगळी पंचायत माना वर करून उभी. तेवढ्यात वरून आवाज आला, "नाना, घोटाळा हाय! सोंड डाव्या अंगाला हाय!"

माना तशाच वर राहिल्या. मला वाटलं, संपलं, आता घुमटही पडणार आणि दादाच्या पाठीचं सालटंही निघणार. पण बहिरूनाना काय म्हणाले, ऐका. म्हणाले, "फोटो यंत्रानं काढलाय. यंत्राला खोटं बोलायचं काय कारण? चितारी माणूस. त्येचा हात चुकला आसंल. भिकू, फोटोबरहुकूम कर."

वा रे वा, काय डोकं! घुमट डोळ्यांपुढं आहे, आणि हे कागद बघून घुमट दुरुस्त करणार! मी तोंड उघडायच्या आत दादा पुढं झाला.

"नाना, फोटो चुकलाय. मी चुकलोय. आरशातनं काढला आन् छापताना फिल्म उलटी घालायची इसारलो. सोंड डावीच हाय. तिला हात लावू नका."

त्यानं फिल्म आणली, दारातल्या उजेडात धरून उलटसुलट करून दाखवली. फोटो नानांच्या नाकापुढं धरला. "ह्ये सरदार बघा. समद्यांच्या तलवारी डाव्या हातात. आसं आसतंय व्हय कुटं?"

"का न्हाई?" नथू गुरव म्हणाला. "माझा चुलता डावराच हुता."

"समदे? हत्तीवरला, घोड्यावरला, समदे डावरे?"

"जयसिंग," नाना म्हणाले, "तू राजवाड्यात जेवलास, ते आमी ऐकून घेतलं. रणगाडा ढकललास, ते बी ऐकलं. आता देवाच्या बाबतीत तरी थापा मारू नगंस." आणि सगळे हसले. जन्मात पहिल्यांदा भर सभेत खरं बोलला, तर हसले. मी ओरडलो, मी पत्रा धरला होता, मला ठाऊक आहे. तर मला म्हणाले, तू त्याचाच भाऊ. वहिनी दारात उभी होती, ती म्हणाली, "आंधळ्यांनो, वर बघा की!" बाईमाणसानं मध्ये बोलू नये, असं तिला सांगण्यात आलं.

भिकूनं दुकानाच्या पाट्यांचा तेलरंग कालवला. पण वर घुमटात उजेड नव्हता. गॅसबत्ती घेऊन कुणीतरी शेजारी उभं राहायला पाहिजे, म्हणाला, नाहीतर हात इकडंतिकडं जाईल. परांची डगमगत होती. नाना मागं सरकले, नथू मागं सरकला, सगळे भक्त मागं सरकले. आणि आमच्या दादानं बत्ती उचलली.

मी त्याचा दंड धरला. "ठेव ती खाली आन् चल घरला. मसणात जाऊ दे ह्यांचा गणपती. तुझ्याच हातानं कशापायी?"

"सोंड जाणारच हाय," दादा म्हणाला. "अंधारात ह्यो भाड्या तोंडं बी फासंल. ती ताटवाली बाई जवळच हाय."

वर चढला. मी खाली परांचीचा बांबू धरून उभा राहिलो, कारण ती हलत होती, आणि मोठमोठ्यानं शिव्या देत राहिलो, नानाला, भिकूला, देवालासुद्धा. कुणी मला अडवलं नाही. वर दादा बत्ती धरून होता. भिकूनं जुनी सोंड पांढऱ्या रंगानं पुसली. कोण कुठला चितारी, त्यानं किती दिवस त्या घुमटात मान मोडली असेल. मग भिकूनं नवी सोंड काढली, जाडीभरडी, बैलाच्या शेपटासारखी. मधूनमधून दादाचा आवाज यायचा, "जरा अल्लाद. तिच्या गालाला लावू नगंस. हिकडनं घे, हिकडं उजेड हाय." तो त्याला शिकवत होता! मला रडू फुटलं. चुन्यासाठी रडणाऱ्यांवर मी किती संतापलो होतो, आणि आता मीच मुसमुसत होतो.

बाईचं तोंड वाचलं. ऋद्धि-सिद्धी वाचल्या, हत्ती वाचले. दादा खाली उतरला तेव्हा त्याच्या केसांवर काजळी आणि पांढरा रंग होता. बहिरूनाना खूष होऊन पुढं आले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता बेस झालं बघ. जयसिंगा, आता जत्रेसाठी ह्येचा एक फोटो काढ. पाहिजे तर उताणा पडून काढ, नथू काय म्हणायचा न्हाई."

दादानं बत्तीची हवा सोडली. ती फुसफुसत विझेपर्यंत तो तिच्याकडंच बघत राहिला.

"मला न्हाई येत," तो म्हणाला.

"आरं, इटलीत एवढं शिकलास ते?"

"इटलीला मी गेलोच न्हाई," दादा म्हणाला. "थापा मारत हुतो." आणि बत्ती माझ्या हातात देऊन, खाली बघत, घराकडं निघून गेला.